मुले घडविणारा संन्यासी

आपल्या प्रत्येकाच्या खिशात एका माणसाचे नाव असते. ओळखपत्रावर असते, परीक्षेच्या हॉल तिकिटावर असते, आणि उद्या पदवी पदरात पडली तर तिच्यावरही तेच नाव असणार आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे नाव आपण अर्जावर इतक्या वेळा लिहितो की, ते कोणाचे आहे हा विचार मनात येत नाही. मी खेड्यातून पहिल्यांदा नांदेडला आलो, तेव्हा माझी अशी समजूत होती की हे कोणी तरी मठातले महाराज असावेत आणि त्यांच्या भक्तांनी विद्यापीठाला मोठी देणगी दिली असावी. हे कबूल करताना लाज वाटते. पण वसतिगृहात सहज विचारले तर अशीच समजूत असलेले आणखी तिघे निघाले, म्हणून धीर करून लिहितो.

हा लेख लिहायला घेतला त्याचे खरे कारण मात्र आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. आबा चौथीपर्यंत शिकले, मायला सही करता येते एवढेच. तीन एकर कोरडवाहू जमीन, एक बहीण आणि नववीत शिकणारा धाकटा भाऊ असा आमचा प्रपंच. गेल्या दिवाळीत मी घरी गेलो, तेव्हा सोयाबीनच्या पैशांतले पाचशे रुपये डब्यातून नाहीसे झाले होते. ते धाकट्याने मोबाईलवरच्या कसल्याशा पैशाच्या खेळात घालवले होते, आणि विचारल्यावर तो सरळ खोटे बोलला. आबांनी त्याला मारले. माय मध्ये पडली. पोराची जात आहे, चालायचेच, मोठा झाला की सुधारेल, असे तिचे म्हणणे. भाकरी करपली तर बहिणीला दिवसभर ऐकावे लागते आणि पोराने पैसे चोरले तर ते चालायचेच, हे मला त्या दिवशी प्रथमच खटकले.

मग आबा माझ्याकडे वळले. तू शिकलेला आहेस, याला वळण लावणे आता तुझे काम, असे त्यांनी सांगितले. मी धाकट्याला ओसरीवर बसवून तासभर सचोटीवर व्याख्यान दिले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी खाली मान घालून एवढेच विचारले की, दादा, दहावीला गणिताच्या पेपरात तुझ्याकडे चिठ्ठी होती की नव्हती? माझे व्याख्यान तिथेच संपले. चिठ्ठी होती. ती खिडकीतून माझ्यापर्यंत कशी आली हेही त्याला माहीत होते, कारण त्या वेळी तो भिंतीबाहेरच्या गर्दीत उभा होता. त्याचे वय तेव्हा दहा वर्षांचे होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगा चांगला माणूस कसा होतो, कोण त्याला तसा करतो, आणि जो स्वतः पुरता तसा नाही त्याने दुसऱ्याला काय शिकवायचे, हे प्रश्न डोक्यात घेऊन मी नांदेडला परतलो. पुढे महिन्याभराने इतिहासाच्या सरांनी प्रकल्पासाठी मराठवाडा मुक्तिसंग्राम हा विषय दिला. ग्रंथालयात बसून वाचू लागलो, तेव्हा ओळखपत्रावरचा तो माणूस मला भेटला. तो आधी शाळामास्तर होता. स्वातंत्र्यसैनिक म्हणून स्वामीजींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्यातला मास्तर अधिक जवळचा वाटला, म्हणून त्या बाजूने हे चरित्र सांगतो.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे झाला. पुढचे शिक्षण सोलापूरला. सोलापूर हा इंग्रजी मुलूख, आणि निजामाच्या राज्याची हद्द तिथून अगदी जवळ. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्या घटनेचा या मुलाच्या मनावर इतका परिणाम झाला की, आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करायची अशी प्रतिज्ञा त्याने केली. त्या वेळी त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. एवढ्या वयात आपण पुष्कळ प्रतिज्ञा करतो, पहाटे उठायची, मोबाईल कमी करायची. आणि त्या आठवड्याभरात विरून जातात. या मुलाची प्रतिज्ञा बावन्न वर्षे टिकली. प्रतिज्ञा मोठी होती यापेक्षा ती टिकली याचे मला जास्त नवल वाटते.

असहकाराच्या लाटेत त्याने सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली आणि राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून तो एम. ए. झाला. ज्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती, ती त्याने कष्ट करून मिळवली. आपण पदवी कशासाठी घेतो हे एकमेकांना विचारून पाहा, म्हणजे यातले वेगळेपण ध्यानात येईल. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा चिटणीस म्हणून त्याने काम केले. गिरण्यांत राबणाऱ्या माणसांची दुःखे तिथे जवळून पाहिली. या धावपळीत प्रकृती ढासळली. शहरात राहून पुढारी होण्याची वाट समोर असताना १९२९ साली हा तरुण निजामाच्या राज्यातल्या एका आडगावी येऊन मुख्याध्यापक झाला. त्या गावाचे नाव हिप्परगा.

हिप्परगा त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या बाजूला आहे. आमचा लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. तोवर आम्हीही उस्मानाबादचेच होतो. त्यामुळे हिप्परगा मला परके वाटत नाही. इथली राष्ट्रीय शाळा १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी सुरू केली होती. तेव्हाची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या शाळेचे मोल कळणार नाही. हैदराबाद संस्थानात १९३१ च्या सुमारास शंभर माणसांत जेमतेम पाच लिहिता-वाचता येणारी होती. वरच्या वर्गांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे, भांडण तिच्याशी नव्हते. पण ज्या मुलाच्या घरी मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलली जाते, त्याला शिक्षणाचे दार परक्या भाषेची किल्ली असल्याशिवाय उघडत नव्हते. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी. अशा राज्यात मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणे आणि ताठ मानेने उभे राहायला लावणे ही गोष्टही सरकारच्या डोळ्यांत खुपणारी होती.

राष्ट्रीय शाळांची एक रीत होती. मातृभाषेतून शिक्षण, चरखा, व्यायाम, गावाची सेवा आणि साधी राहणी. शिक्षकाने शाळेकडे नोकरी म्हणून पाहायचे नाही, विद्यार्थ्यांच्या सहवासात राहायचे, असे मानले जाई. पगार नावापुरता. स्वामीजींच्या बरोबरीने काम करणाऱ्यांत बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी होते. ही माणसे शिकलेली होती, दुसरीकडे गेली असती तर चार पैसे मिळवती. मुलांच्या बुद्धीला ते कळत असणारच. जो मास्तर त्यागावर बोलतो आणि स्वतः दुसरीकडे बदली मिळावी म्हणून खटपट करतो, त्याचे बोलणे मुलांच्या डोक्यावरून जाते. जो मास्तर तेच जाडेभरडे अन्न खातो, त्याच थंडीत उठतो आणि त्याच झाडूने अंगण झाडतो, त्याला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. ओसरीवरचे माझे व्याख्यान का वाया गेले हे मला इथे पहिल्यांदा समजले.

१४ जानेवारी १९३० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पंजाबातले थोर वेदान्ती स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता, म्हणून त्या परंपरेतले हे नाव. आपल्याकडे संन्यासी म्हटला की तो संसार सोडून हिमालयाची वाट धरतो. या संन्याशाने वर्ग सोडला नाही. भगवी वस्त्रे अंगावर आली तरी शाळा, फळा आणि मुले तीच राहिली. संन्यासाचा अर्थ माझ्या अल्पमतीने मी असा लावतो की, स्वतःसाठी काही मिळवायचे राहिले नाही म्हणजे सगळा वेळ दुसऱ्यांच्या मुलांना देता येतो. स्वतःचे मूल नसलेला हा माणूस गावोगावच्या मुलांचा पालक झाला.

१९३५ साली स्वामीजी मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरीच्या शाळेची धुरा त्यांनी उचलली. आड्यावरच्या छोट्या शाळेतून हे काम तालुक्याच्या गावी आले. आजही त्या गावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे; तिथले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते. आमच्या भागातला गरीब माणूस लातूरहून किंवा परळीहून तिथे औषधपाण्यासाठी जातो आणि ते नाव उच्चारतो. तो कोण होता हे त्यालाही बहुधा माहीत नसते.

या वर्षांत स्वामीजींना एक गोष्ट जाणवू लागली असावी. शाळेत मुलाला निर्भय व्हायला शिकवायचे आणि शाळेबाहेर त्याने सभेत तोंड उघडले तर तुरुंग, अशी स्थिती होती. मुलाला चांगले वळण लावून वाईट व्यवस्थेत सोडून देणे हे अर्धेच काम. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, दुसरे १९३८ साली लातूरला, आणि पुढे १९४१ साली तिसरे आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला. परिषदेचे सरचिटणीसपद स्वामीजींकडे आले. १९३८ साली त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद गाठले. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात स्वामीजी तुरुंगात गेले. मुलांना पुढे करून आपण मागे राहण्याची पद्धत त्यांच्याजवळ नव्हती. आधी मास्तर तुरुंगात गेला, मग विद्यार्थी.

त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आले, आणि संस्थानातल्या इतर महाविद्यालयांतही चळवळ पसरली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. ही सगळी मुले काही स्वामीजींच्या हाताखाली शिकलेली नव्हती. पण आपल्याच वयाची पोरे एका गीतासाठी वर्ष वाया घालवायला तयार होतात, म्हणजे त्यांच्या मागे कोणी तरी बळ उभे केलेले असते. ठिकठिकाणच्या राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षकांनी ते बळ उभे केले होते. आमच्या मराठवाड्याच्या स्वातंत्र्याची पायाभरणी शाळांनी केली, हे विधान मला आता भाषणातल्या अलंकारासारखे वाटत नाही.

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ च्या लढ्यात स्वामीजी पुन्हा तुरुंगात गेले. १९४६ साली स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. त्याच वर्षी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मग १९४७ साल उजाडले. सारा देश स्वतंत्र झाला आणि निजामाने भारतात यायला नकार दिला. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकविण्याचा कार्यक्रम स्वामीजींनी जाहीर केला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. पुढचे वर्षभर, मध्ये थोडे दिवस सोडले तर, ते तुरुंगातच होते.

इथे मला लातूरच्या दुसऱ्या एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. तोही शिकलेला, तोही प्रभावी वक्ता, आणि त्यानेही आपल्याच वयाची पोरे गोळा केली. पोरांच्या अंगातली रग, काही तरी करून दाखवण्याची धडपड, कोणी तरी आपल्याला मोठे म्हणावे ही भूक दोन्हीकडे सारखीच होती. एकाने त्या रगेला स्वतःवर ताबा ठेवायला शिकवले, दुसऱ्याने तिला शेजाऱ्याचे घर दाखवले. यात धर्माचा प्रश्न आहे असे मात्र कोणी समजू नये. रझाकारांच्या विरोधात लिहिणारे इमरोज पत्राचे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमानच होते, आणि त्या लिहिण्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

हैदराबादचा लढा सीमेवरच्या शिबिरांतून चालू होता. त्यातला एक प्रसंग नांदेड जिल्ह्यात घडला. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, उमरखेडच्या बाजूच्या तरुणांनी उमरीच्या बँकेवर हल्ला केला आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्यासाठी नेली. त्या काळचे वीस लाख म्हणजे आज किती होतील याचा हिशेब मला करता येत नाही. त्या पोरांच्या घरी आमच्यासारखीच गरिबी असणार. पोते उघडून मूठभर नोटा काढल्या असत्या तर बघायला कोण होते? स्वामीजी तिथे नव्हते. तरीही त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, आणि राज्य मुक्त झाल्यावर तो सरकारकडे देण्यात आला.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटले. आमच्या परीक्षेच्या वेळी भरारी पथक येते तेव्हा चिठ्ठ्या खिडकीबाहेर पडतात आणि पथक गेले की परत आत येतात. आम्ही पथकाला भितो, आणि पथक रोज येत नाही. मुलावर संस्कार झाला की नाही हे वडीलधारे समोर असताना समजत नाही. ते समोर नसताना समजते. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या मास्तराने आणि त्याच्यासारख्या इतरांनी जे पेरले, त्याची परीक्षा त्या दिवशी उमरीला पर्यवेक्षकाशिवाय झाली, आणि पोरे उत्तीर्ण झाली.

पण सगळेच उत्तीर्ण झाले असे लिहिले तर तेही खोटे होईल. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामाची सत्ता संपवली. आपण दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंड्याला वंदन करतो. त्यानंतरच्या दिवसांत मात्र आपल्या भागात अनेक निरपराध मुसलमानांची घरे जळाली आणि हजारो माणसे मारली गेली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त संहार झाल्याचे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. आमचे लातूर त्याच उस्मानाबादेत होते. हे करणारेही कुणाची तरी पोरेच होती. ही माहिती आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हती, आणि ती वाचून मन खट्टू झाले. एका माणसाने चालवलेल्या दोन शाळा पुऱ्या प्रदेशाला पुरत नाहीत, आणि मुले घडवण्याचे काम एका पिढीत संपत नाही, हे त्यावरून मला उमगले.

मुक्तीनंतर स्वामीजींना सत्तेची वाट मोकळी होती. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून गेले. कसेल त्याची जमीन व्हावी, हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, मराठवाडा मराठी राज्यात जावा यांसाठी त्यांनी शक्ती खर्च केली. त्यांच्या पक्षात गट होते, मतभेद होते, आणि ज्यांनी लढा लढवला त्यांच्याकडे कारभार आला असेही नाही. त्यांनी त्यावर कडवटपणा धरून आयुष्य काढले नाही. भूदानाच्या कामात त्यांनी लक्ष घातले. आणि मूळ कामाला ते विसरले नाहीत. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज यांची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली. पुढे नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत त्या महाविद्यालयात शिकवू लागले व प्राचार्य झाले. नांदेडला शिकायला येणारा खेड्यातला पोरगा आज एस. टी. तून उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी वाट करून ठेवणाऱ्यांत हे नाव पहिले आहे.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचे निधन झाले. तिथे बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनीच, त्यांच्या नावाचे आपले विद्यापीठ नांदेडला सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली या जिल्ह्यांतली पोरे-पोरी त्याच्या छत्राखाली शिकतात.

या चरित्राविषयी वसतिगृहात बोलणे निघाले, तेव्हा माझ्या एका मित्राने आक्षेप घेतला. तो म्हणाला की, संन्याशाला हे जमले, कारण त्याला घर नव्हते. त्याला किराण्याची उधारी नव्हती, लग्नाला आलेली बहीण नव्हती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेला बाप पोराजवळ बसणार केव्हा? आक्षेप खरा आहे. आमच्या आबांनी आम्हाला कधी जवळ बसवून काही शिकवले नाही, कारण त्यांना वेळच मिळाला नाही. पण विचार करता मला आठवले की, मोंढ्यात आडत्याने एकदा चुकून जास्तीचे पैसे दिले, तेव्हा आबा अर्ध्या वाटेवरून परत गेले होते. मी त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी त्यावर एक शब्दही काढला नाही. ते मला अजून आठवते, आणि त्यांनी केलेल्या माराची मात्र आठवण नाही. तेव्हा हे काम घर-संसारी माणसालाही जमते, आणि त्याला वेगळा वेळ लागतोच असे नाही.

दुसरा प्रश्न माझा मलाच पडला. आपण मुलाला माणूस करायचे म्हणतो, तेव्हा मुलगी आपोआप शहाणी निघेल असे धरून चालतो. तिच्यावर इतका पहारा असतो की, चुकायला तिला जागाच नसते. आणि मुलाला चुकायला सगळे रान मोकळे. मुलगा चांगला व्हावा असे वाटत असेल, तर आमच्या घरातले चालायचेच हे वाक्य आधी बंद झाले पाहिजे. राष्ट्रीय शाळेत मुलगे स्वतः झाडत होते, स्वतः सूत कातत होते. ते काम बायकांचे म्हणून कोणी बाजूला ठेवले नव्हते. आमच्या घरी ताट उचलून ठेवणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. या संक्रांतीला गेलो तेव्हा मी माझे ताट उचलले. माय हसली, बहीण हसली नाही. ती नुसती बघत राहिली.

त्याच खेपेला मी धाकट्याला घेऊन शेतावर गेलो. दहावीची चिठ्ठी माझ्याकडे होती, तिच्यावाचून मी बहुधा नापास झालो असतो, आणि त्याची मला लाज वाटते, असे मी त्याला सांगून टाकले. व्याख्यान दिले नाही. तो काही बोलला नाही. परत येताना मी आबांना विनंती केली की, घरखर्चाचा हिशेब लिहिण्याचे काम यापुढे धाकट्याकडे द्यावे, आणि पैशांचा डबाही त्याच्याच हाती असू द्यावा. आबांनी मला वेड्यात काढले. ज्याने चोरी केली त्याच्याच हाती डबा? मी उमरीची हकीकत सांगितली. त्यांना ती कितपत पटली कोण जाणे, पण त्यांनी डबा दिला.

परवा महाशिवरात्रीला पुन्हा घरी गेलो, तेव्हा धाकट्याने वहीची मागची पाने माझ्यापुढे धरली. खत, तेल, बहिणीची वही, एस. टी. चे भाडे, सगळे तारीखवार लिहिलेले होते. शेवटी चाळीस रुपयांचा मेळ बसत नव्हता. तिथे चहा-साखर असे काहीही लिहून त्याला मेळ बसवता आला असता. त्याने ती जागा कोरी ठेवली होती. चाळीस रुपये हरवले, खर्च झाले की त्याने घेतले, हे मी विचारले नाही. कोऱ्या जागेखाली बेरीज होती आणि बेरजेखाली त्याची सही होती.

तो पुढे कसा निघेल हे मला आज सांगता येणार नाही. मी कसा निघेन हेही नाही. येत्या परीक्षेला हॉल तिकीट हातात येईल, त्यावर हिप्परग्याच्या मास्तराचे नाव असेल, आणि मी खिडकीजवळच्या बाकावर बसलेलो असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्याला घेऊन हिप्परग्याला जायचे मी ठरवले आहे. त्याआधी तो पेपर मला चिठ्ठीवाचून सोडवायचा आहे.